व्हिडिओ रूपांतर : बिघाड आणि निदान

टेपवरचे, डीव्हीडीवरचे किंवा फोनमधले शूटिंग एका डिजिटल रूपातून दुसऱ्या रूपात नेणे म्हणजे व्हिडिओ रूपांतर. बोलण्यात ‘कन्व्हर्ट करणे’. हे करताना चित्रात ठोकळे येतात, आवाज मागेपुढे होतो, रंग उतरतो, कधी फाइल उघडतच नाही. अशा दोषांची कारणे कशी शोधावीत, याची ही नोंद आहे. उदाहरणे बडोद्यातल्या मराठी घरांमधली घेतली आहेत, कारण तिथे सगळे प्रकार एकाच कपाटात मिळतात. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या घरात लग्नाची व्हीएचएस कॅसेट असते, धाकट्याच्या मुंजीची मिनी डीव्ही असते, न्यू जर्सीच्या आत्याने पाठवलेली अमेरिकी पद्धतीची टेप असते आणि यंदाच्या नवरात्रातला गरबा फोनमध्ये असतो. हे सगळे ‘एका पेन ड्राइव्हमध्ये करून द्या’ अशी मागणी आली की पुढचे सारे प्रश्न सुरू होतात.

आधी फाइल वाचणे

एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही ही कंटेनरची, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र ठेवणाऱ्या वेष्टनाची, नावे आहेत. आतले चित्र आणि आवाज कोणत्या कोडेकमध्ये, म्हणजे आकसून साठवण्याच्या कोणत्या पद्धतीत आहेत, ते या नावावरून कळत नाही. एकाच एमपी४ मध्ये २००३ चे एच.२६४ असू शकते, २०१३ चे एच.२६५ असू शकते किंवा २०१८ चे एव्ही१. त्यामुळे एक एमपी४ टीव्हीवर चालते आणि दुसरीचा नुसता आवाज येतो. फाइलचे नाव बदलून .एव्हीआयचे .एमपी४ केल्याने आत काहीच बदलत नाही, तरी हा उपाय अजून मोठ्या श्रद्धेने केला जातो.

मीडियाइन्फो किंवा एफएफएमपेग या रूपांतराच्या साधनासोबत येणारे एफएफप्रोब यांत फाइल टाकली की कोडेक, बिट डेप्थ (छटा किती बारीक नोंदल्या ते), फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रे ते) आणि तो स्थिर आहे की बदलता, चित्र इंटरलेस्ड (अर्ध्या-अर्ध्या ओळींचे) आहे की प्रोग्रेसिव्ह (सलग पूर्ण ओळींचे), पिक्सेलचे प्रमाण, रंगाचे मानक आणि आवाजाचा सॅम्पलिंग रेट हे सर्व दिसते. पुढच्या बहुतेक तक्रारींचे उत्तर या यादीतच असते. कोडेक चालण्याजोगा असून फक्त कंटेनर अडचणीचा असेल, तर रीमक्स पुरते: चित्र-आवाजाला हात न लावता त्यांचे वेष्टन बदलायचे. तासाभराच्या फाइलला थोडाच वेळ लागतो आणि दर्जा जराही उतरत नाही. पुन्हा एन्कोड केले, म्हणजे चित्र उलगडून नव्याने आकसले, की प्रत्येक वेळी थोडे चित्र जाते, म्हणून तो शेवटचा मार्ग समजावा. व्यवहारात मात्र तोच पहिला वापरला जातो, कारण बहुतेक प्रोग्रॅममध्ये ‘कन्व्हर्ट’चे बटण सर्वांत मोठे असते.

एन्कोडिंग मध्येच थांबले तर लॉगमधली शेवटची ओळ सहसा निरुपयोगी असते. वर जाऊन पहिली चूक कुठे नोंदली आहे ते पाहावे. ‘हाइट नॉट डिव्हिझिबल बाय टू’ असा संदेश असेल तर कडा कापताना उंची विषम आकड्यावर आली आहे. नेहमीच्या ४:२:० पद्धतीत रंगाची माहिती दोन-दोन पिक्सेलमागे एकदा साठवली जाते, म्हणून रुंदी-उंची सम लागते. काम दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर दोष फाइलचा नसून यंत्राचा असण्याची शक्यता मोठी. डिस्क भरली आहे का ते आधी पाहावे. बडोद्याच्या मे महिन्यात लॅपटॉप तापून बंद पडणे हेही साधे कारण असते. नेमक्या त्याच सेकंदाला थांबत असेल तर मूळ फाइल तिथे खराब आहे. त्याच्या आसपासचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा वेगळा काढून त्यावरच प्रयोग करावेत.

ठोकळे : अक्षतांची कसोटी

मंगलाष्टके चालू असताना चित्र जवळजवळ स्थिर असते. मध्ये अंतरपाट, दोन्हीकडे वधूवर, मागे मामा. एन्कोडर आधीच्या फ्रेमपेक्षा बदललेले तेवढेच नोंदवतो, त्यामुळे अगदी थोड्या बिटांत भागते. ‘सावधान’ म्हणताच शेकडो दाणे हवेत उडतात. चित्राचा एखादा भाग सरकून कुठे गेला, एवढे सांगून एन्कोडर एरवी काम भागवतो. पण इथे प्रत्येक दाण्याची दिशा वेगळी आणि पुढच्या फ्रेममध्ये तो दाणा त्या जागी नाहीच. त्यात फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला की आख्खी फ्रेम एका क्षणापुरती पांढरी होते. बिटरेट, म्हणजे सेकंदाला मिळणारे बिट, ठरावीक असेल तर एन्कोडरला या दोन सेकंदांसाठी जादा बिट मिळत नाहीत. मग नवरीचा चेहरा चौकोनी ठोकळ्यांत फुटतो, आणि तो नेमका त्याच क्षणी फुटतो जो पाहण्यासाठी कॅसेट काढलेली असते. व्हीसीडीच्या काळात हे सर्रास होई, कारण तिथे चित्राला साधारण ११५० किलोबिट प्रतिसेकंद एवढीच जागा होती आणि चित्र ३५२ × २८८ चे.

उपाय म्हणजे बिटरेट न बांधता दर्जा बांधणे. एक्स२६४ या एच.२६४च्या एन्कोडरमध्ये सीआरएफ हा दर्जाचा आकडा ० ते ५१ असतो, न सांगितल्यास २३ धरला जातो, आणि आकडा जितका लहान तितके चित्र चांगले. सहाने वाढवला की फाइल ढोबळमानाने निम्मी होते. लग्नाच्या टेपसाठी १८ ते २० च्या खाली जाण्यात फारसा अर्थ नाही. व्हीएचएसवरची मुंग्यांसारखी वळवळही एन्कोडरच्या दृष्टीने हालचालच असते आणि ती बिट खाते; हलका डीनॉइज फिल्टर लावला तर तोच सीआरएफ ठेवून फाइल लहान होते. फिल्टर जास्त झाला तर चेहरे मेणाचे दिसू लागतात. फाइल ठरावीक आकारातच बसवायची असेल, तर टू-पास पद्धत वापरावी: पहिल्या फेरीत अवघड जागा हेरल्या जातात आणि दुसऱ्या फेरीत बिट तिकडे वळवले जातात. हिशेबही सोपा आहे. ८ मेगाबिट प्रतिसेकंद म्हणजे तासाला ३.६ जीबी.

ठोकळे मूळ फाइलमध्येच असतील तर कोणतीही सेटिंग ते काढू शकत नाही. म्हणून तक्रारीची फ्रेम मूळ फाइलमध्ये थांबवून पाहणे, ही पहिली पायरी.

गरब्यातल्या रेघा

पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीचे व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचे म्हटले जाते, पण कॅमेरा प्रत्यक्षात ५० अर्धी चित्रे टिपतो. एका अर्ध्यात विषम ओळी, पुढच्यात सम ओळी. यालाच इंटरलेसिंग म्हणतात. जुना टीव्ही ही अर्धी चित्रे एकामागून एक दाखवी, संगणक मात्र दोन्ही एकत्र लावून दाखवतो. गरब्यात फेर घेताना चणिया वेगाने फिरतो, म्हणजे दोन अर्ध्यांमध्ये त्याची कड पुढे गेलेली असते, आणि तिथे कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा उमटतात. स्थिर उभ्या माणसाभोवती रेघा नाहीत आणि नाचणाऱ्यांभोवती आहेत, एवढे दिसले की निदान झाले.

याडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ या फिल्टरने डीइंटरलेस करावे, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रे करावीत, आणि गरब्यासारख्या हालत्या चित्रात सेकंदाला ५० फ्रेम राखाव्यात. २५ केल्या तर हालचालीचे निम्मे टप्पे जाऊन झटके जाणवतात. चित्र मोठे-लहान करण्याआधी हे काम झाले पाहिजे. आधी आकार बदलला तर सम-विषम ओळी एकमेकींत मिसळतात आणि रेघा कायमच्या चित्रात राहतात. बाजारात मिळणाऱ्या कित्येक ‘एचडी करून दिलेल्या’ लग्नांत हेच झालेले आहे. रेघा जाऊन चित्र पुढे-मागे थरथरू लागले तर फील्डचा, म्हणजे त्या अर्ध्या चित्रांचा, क्रम उलटा लागला आहे. डीव्ही टेपवर सम ओळींचे फील्ड आधी येते, तर एचडी कॅमेऱ्यांत विषम ओळींचे.

आवाज आणि चित्र यांची फारकत

इथे गरबाच उपयोगी पडतो. टाळी दिसते आणि ऐकूही येते, त्यामुळे चित्र-आवाज जुळवायला वेगळा क्लॅप लागत नाही. सुरुवातीची, मधली आणि शेवटची एकेक टाळी फ्रेम-फ्रेम सरकवून पाहावी. तिन्हीकडे अंतर सारखे असेल तर आवाज तेवढा सरकवला की झाले, एन्कोड करायची गरज नाही. अंतर वाढत गेले असेल तर कारण वेगळे.

फोनच्या शूटिंगमध्ये हे कारण बहुधा बदलता फ्रेम रेट असते. अंधाऱ्या मैदानात फोन आपणहून फ्रेम कमी करतो, दिवे उजळले की वाढवतो. एडिटिंगचा प्रोग्रॅम सगळ्या फ्रेम सारख्या अंतराने आल्या असे धरतो आणि गाणे हळूहळू पुढे-मागे जाते. एडिट करण्यापूर्वी फाइल स्थिर फ्रेम रेटची करून घ्यावी. व्हीएचएसचे कारण निराळे. तासाभरात ९०,००० फ्रेम येतात. झिजलेल्या टेपवर सिग्नल डळमळतो, स्वस्त कॅप्चर कार्ड त्यातल्या काही सोडते आणि आवाज मात्र पूर्ण येतो. २५ फ्रेम गळल्या की एक सेकंदाची फारकत. टाइम बेस करेक्टर, म्हणजे डळमळता सिग्नल स्थिर करणारे यंत्र, लावून टेप पुन्हा उतरवणे हा खरा उपाय आहे. आवाज ताणून जुळवला तर तो सरासरीने जुळतो, एखाद्या ठिकाणी बरोबर बसेलच असे नाही. मिनी डीव्ही या बाबतीत सरळ: फायरवायर केबलने घेतलेली फाइल ही टेपवरच्या आकड्यांची नक्कल असते, तासाला सुमारे १३ जीबी.

आत्याची टेप एनटीएससी, म्हणजे अमेरिकी टीव्ही पद्धतीची. तिचा दर २९.९७ फ्रेम, सोयीसाठी कोणी ३० धरला तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. ती २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर टाकली की प्रोग्रॅम शेजारच्या फ्रेम मिसळतो आणि माणसांच्या मागे भुते चालू लागतात. तिचे वेगळे प्रोजेक्ट करून तिच्याच दराने फाइल काढावी.

सनई एकाच स्पीकरमधून येत असेल तर मूळ आवाज एका चॅनेलवरच आहे. तो दोन्हीकडे नक्कल करावा. स्टिरिओचे मोनो करताना आवाज जवळजवळ नाहीसा झाला, तर दोन चॅनेल परस्परविरुद्ध फेजचे आहेत, म्हणजे एकाची लहर वर असताना दुसऱ्याची खाली. एक उलटवावा.

अंगकाठी आणि रंग

पाल डीव्हीचे चित्र ७२० × ५७६ असले तरी त्याचे पिक्सेल चौरस नसतात. ते दाखवायचे ७६८ × ५७६ एवढे, वाइड असेल तर १०२४ × ५७६. फाइलमधली ही प्रमाणाची खूण रूपांतरात हरवली की सगळी वऱ्हाडी मंडळी बारीक दिसतात. याउलट जुने ४:३ चित्र रुंद टीव्हीभर ताणले की सगळे जाड होतात. बाजूला काळ्या पट्ट्या ठेवणेच बरोबर, गिऱ्हाईक कितीही कुरकुरले तरी. टेपच्या चित्राच्या अगदी तळाशी दिसणारा फाटका पट्टा रूपांतराचा दोष नव्हे. तो व्हीएचएसमध्ये असतोच, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपत असे.

रंगात दोन गल्लती होतात. जुन्या चित्राचे मानक ६०१, एचडीचे ७०९. आकार वाढवताना मानक न बदलता फक्त खूण बदलली तर शालूचा हिरवा आणि कुंकवाचा लाल किंचित सरकतो. दुसरी गल्लत १६ ते २३५ आणि ० ते २५५ या उजेडाच्या पल्ल्यांची: काळे राखाडी दिसते, किंवा काळ्या केसांतला तपशील बुडतो. नव्या फोनचा एचडीआर, म्हणजे उजेडाचा पल्ला मोठा असलेला, व्हिडिओ साध्या टीव्हीवर धुतल्यासारखा फिका दिसतो. तिथे टोनमॅपिंग, म्हणजे तो पल्ला साध्या टीव्हीच्या पल्ल्यात बसवणे, करावे लागते. नुसते रंग गडद करून भागत नाही.

मराठी उपशीर्षके

जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन येतो, कारण ती अक्षरे मुळात युनिकोडची नसतात. आधी युनिकोड करून उपशीर्षकांची एसआरटी फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या साठवणीत ठेवावी. प्रश्नचिन्हे दिसली तर एन्कोडिंग चुकले आहे, चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये देवनागरी नाही. अक्षरे येतात पण ‘दिवाळी’तली पहिली वेलांटी ‘द’च्या नंतर जाऊन बसते आणि ‘पुढच्या’मधला च सुटा पडतो, तर दोष देवनागरीची जुळवणी न करणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे. लिबअॅस ही उपशीर्षके रेखाटणारी लायब्ररी ही जुळवणी बरोबर करते, म्हणून तिच्याकडून उपशीर्षके चित्रातच उमटवून घेणे टीव्हीसाठी सर्वांत भरवशाचे.

अर्धवट राहिलेली फाइल

‘मूव्ह अॅटम नॉट फाउंड’ हा संदेश घाबरवणारा असला तरी त्याचा अर्थ नेमका आहे. एमपी४ मध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची सूची सहसा रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. बॅटरी संपली, वीज गेली, की चित्र कार्डवर असते पण सूची नसते. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक धड फाइल नमुना म्हणून देऊन अनट्रंकसारख्या साधनाने बरेचदा दुरुस्ती होते. तोवर त्या कार्डावर नवे काही घेऊ नये. गणपतीतले तीन-चार तासांचे कार्यक्रम संगणकावर रेकॉर्ड करणाऱ्यांनी एमकेव्हीत घ्यावेत; तो कंटेनर मध्येच तुटला तरी तुटेपर्यंतचे वाचता येते, आणि नंतर रीमक्स करून एमपी४ मिळते.

टेप आणि टीव्ही

पावसाळ्यात कपाटातल्या कॅसेटवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये, तिची बुरशी हेडला आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई हिने २०१६ मध्ये उत्पादन बंद केले, तेव्हा हेड खराब झाला तर नवे यंत्र आणता येत नाही.

टीव्हीसाठी द्यायची फाइल एच.२६४, ८ बिट, ४:२:० आणि आवाज एएसी अशी ठेवली तर जुन्या संचांवरही सहसा चालते. १० बिटांचे एच.२६४ तिथे काळा पडदा दाखवते. पेन ड्राइव्हची फाइल साठवण्याची पद्धत फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही आणि संगणक ‘जागा नाही’ अशा अर्थाचे काहीतरी दिशाभूल करणारे सांगतो. एक्सफॅट केले की फाइल जाते, पण काही जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. अशा घरासाठी सीमांतपूजन वेगळे, लग्न वेगळे असे दोन तुकडे द्यावेत. कापणी कीफ्रेमवर, म्हणजे आधीच्या फ्रेमच्या आधाराशिवाय पूर्ण साठवलेल्या फ्रेमवर, केली तर त्यासाठी पुन्हा एन्कोड करावे लागत नाही.