सीन नदीतील नौकाविहार (पॅरिस)

सीन नदीतील नौकाविहार : फ्रान्सची राजधानी पॅरिस ही सीन नदीच्या पात्रातून बोटीने पाहण्याची प्रथा. फेरी साधारण तासाभराची असते. बोट बहुधा आयफेल टॉवरजवळच्या किंवा आल्मा पुलाजवळच्या धक्क्यावरून सुटते, प्रवाहाच्या उलट दिशेने वर जाते, शहराच्या मध्यावरील दोन बेटांना वळसा घालते आणि परत येते. सीनची लांबी सुमारे ७७७ किमी. असली, तरी पॅरिसच्या हद्दीत तिचे पात्र जेमतेम १३ किमी. आहे. तेवढ्यात तिच्यावर ३७ पूल आहेत.

हे शहर नदीवरून पाहावे याला सबळ कारण आहे. पॅरिस नदीकाठी वाढले ते नावाड्यांच्या जिवावर. रोमन काळात येथील नावाड्यांच्या संघाने ज्युपिटर देवाला वाहिलेला एक दगडी स्तंभ १७११ मध्ये नोत्र दाम कॅथीड्रलच्या खाली खोदकामात सापडला. तो सम्राट टायबीरिअसच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकातला आहे. शहराच्या मानचिन्हावर आजही शिडाचे जहाज आहे आणि त्याखालच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा अर्थ ‘हेलकावे खाते, पण बुडत नाही’ असा आहे. घरांचे क्रमांकही नदीकडे पाहून दिलेले आहेत. सीनला आडव्या जाणाऱ्या रस्त्यांवर पहिला क्रमांक नदीकडच्या टोकाला असतो. नदीला समांतर रस्त्यांवर क्रमांक प्रवाहाच्या दिशेने वाढत जातात. डावा काठ आणि उजवा काठ हे शब्द पॅरिसकर रोजच्या बोलण्यात वापरतात, तेही प्रवाहाच्या दिशेला तोंड करून. बोट वर जात असताना मात्र डावा काठ आपल्या उजव्या हाताला येतो, हे लक्षात ठेवले की नकाशा समजायला सोपा जातो.

या बोटींना ‘बातो-मूश’ म्हणतात. ‘मूश’ म्हणजे माशी, पण नावाचा माशीशी संबंध नाही. लिआँ शहराच्या मूश नावाच्या भागातील कारखान्यांत अशा बोटी बांधल्या जात. १८६७ च्या पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनासाठी त्या येथे आणल्या गेल्या आणि पुढे लोकांच्या रोजच्या ये-जा करण्याच्या झाल्या. १९०० मध्ये मेट्रो आल्यावर उतारू घटत गेले व १९३४ मध्ये ही वाहतूक बंद पडली. जाँ ब्र्युएल यांनी १९४९ मध्ये बातो-मूश कंपनी स्थापन केली आणि त्याच नावाच्या बोटी पर्यटनासाठी पाण्यात आणल्या. १९५३ मध्ये त्यांनी जाँ-सेबास्तियाँ मूश नावाचा एक कल्पित पुरुष उभा करून, तोच या बोटींचा जनक असल्याचा मोठा समारंभही घडवला. ती कहाणी आजही कुणी कुणी खरी म्हणून सांगतात.

नदीच्या दोन्ही काठांना दगडी धक्के दोन पातळ्यांवर बांधलेले आहेत. वरच्या पातळीवर रस्ता, झाडे आणि जुन्या पुस्तकांच्या हिरव्या पेट्या. खालची पातळी पाण्याला लागून, आपल्या घाटासारखी. १९६७ पासून उजव्या काठाच्या खालच्या पातळीवरून मोटारी धावत. २०१३ मध्ये डाव्या आणि २०१६ मध्ये उजव्या काठाचा काही भाग मोटारींना बंद झाला. आता तेथे पाण्याकडे पाय सोडून बसलेले लोक बोटीकडे पाहून हात हलवतात. स्युली आणि येना या पुलांमधला काठ १९९१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

वाटेत लूव्र हे कलासंग्रहालय, जुन्या रेल्वे स्थानकात थाटलेले ओर्से संग्रहालय, राणी मारी आंत्वानेतला जेथे कैदेत ठेवले होते ती काँसिएर्जरी आणि नोत्र दाम लागतात. एप्रिल २०१९ च्या आगीत नोत्र दामचे छत आणि मनोरा जळाला. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले. पण या सगळ्या इमारती रस्त्यावरूनही दिसतात. नदीवरून जे खरोखर वेगळे दिसते ते म्हणजे पूल. काँकोर्द पुलाला बास्तीय तुरुंग पाडून निघालेले दगड वापरले आहेत. रशियाचा झार तिसरा अलेक्झांडर याच्या नावाचा पूल (१९००) एकाच पोलादी कमानीचा आणि मुद्दाम बसका आहे, शाँझेलिझे या प्रसिद्ध हमरस्त्याकडची नजर अडू नये म्हणून.

सर्वांत सावकाश पाहावा तो पाँ नफ. नावाचा अर्थ ‘नवा पूल’, पण उभ्या असलेल्या पुलांत तोच सर्वांत जुना. फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री याने १५७८ मध्ये पायाभरणी केली, चौथ्या हेन्रीच्या काळात १६०७ मध्ये तो पुरा झाला. त्या काळी पुलांवर घरांच्या रांगा असत. हा घरांशिवाय बांधला. एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला पाच कमानी, आणि मधे बेटाचे टोक. कठड्याखालच्या पट्टीला दगडी चेहरे जडवले आहेत, एकूण ३८१. कुणाच्या दाढीला पाने फुटलेली, कुणाचे तोंड वासलेले, कुणाच्या कपाळावर शिंगे; एकासारखा दुसरा नाही. सगळ्यांची तोंडे पाण्याकडे असल्यामुळे पुलावरून रोज चालणाऱ्यालाही ते दिसत नाहीत. बोट कमानीखाली शिरण्याआधी काही क्षण ते अगदी डोक्यावर येतात. एवढ्यासाठी तरी काचेच्या छताखाली न बसता उघड्या डेकवर बसावे.

महाराष्ट्रातून निघणाऱ्या युरोप सहलींत आयफेल टॉवरच्या जोडीला ही फेरी हमखास असते. त्या सहली बहुतेक शाळांच्या सुट्टीत, मे-जूनमध्ये जातात आणि तेव्हा पॅरिसमध्ये सूर्य साडेनऊ-दहाला मावळतो. संध्याकाळी सातची फेरी म्हणजे लख्ख ऊन. दिवे पाहायचे असतील तर दहानंतरची बोट घ्यावी. अंधार पडल्यावर दर तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटे टॉवर लुकलुकतो. दगडातले कोरीव काम मात्र दिवसाच नीट दिसते.

पूल बुटके असल्यामुळे नदी चढली की फेऱ्या थांबतात. पाणी किती चढले हे पॅरिसकर आल्मा पुलाच्या खांबापाशी उभ्या असलेल्या झुआव्ह (फ्रेंच सैन्यातील एका पायदळ पथकाच्या) सैनिकाच्या पुतळ्यावरून सांगतात. पाय भिजले की काठावरच्या वाटा बंद, मांड्यांपर्यंत पाणी आले की नौकानयन बंद. जानेवारी १९१० च्या महापुरात नदी ८.६२ मी. पर्यंत चढली आणि पाणी त्याच्या खांद्याला लागले. त्यानंतरच्या दशकांत वरच्या खोऱ्यात चार मोठे जलाशय बांधले गेले, तरीही जून २०१६ मध्ये पाणी सहा मीटरच्या वर गेले. लूव्रच्या तळघरांतून कलाकृती वर हलवाव्या लागल्या आणि बोटी धक्क्याला बांधून राहिल्या.