हेड कॉइल

हेड कॉइल : मेंदूच्या एमआरआय तपासणीत रुग्णाच्या डोक्याभोवती बसवले जाणारे, जाळीदार शिरस्त्राणासारखे दिसणारे आणि डोक्यातून येणारा क्षीण रेडिओ संकेत पकडणारे उपकरण. परिभाषेला धरून ‘मस्तक-वेटोळे’ म्हणता येईल, पण नाशिकच्या कुठल्याही स्कॅन सेंटरमध्ये या शब्दाने ते कोणी आणून देणार नाही. तिथे टेक्निशियनपासून मावशींपर्यंत सगळे ‘कॉइल’च म्हणतात. यंत्रात वेटोळी आणखीही असतात. द्रवरूप हेलियममध्ये बुडालेले मुख्य चुंबकाचे अतिसंवाहक वेटोळे स्थिर क्षेत्र निर्माण करते, तर ग्रेडियंट कॉइल संकेत डोक्यातल्या कोणत्या बिंदूपासून आला ते ओळखण्याची सोय करतात (तपासणीत जी ठकठक ऐकू येते ती यांचीच). प्रस्तुत नोंद फक्त डोक्याजवळच्या, रेडिओ कंप्रतेवर काम करणाऱ्या कॉइलपुरती आहे. केंद्रांच्या पाट्यांवर चुंबकाच्या ताकदीचा टेस्ला या एककातला आकडा ठळक असतो आणि कॉइलचा उल्लेखही नसतो. प्रतिमेचा दर्जा मात्र दोहोंवर सारखाच अवलंबून असतो, मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या भागात तर कदाचित कॉइलवर अधिक.

कार्यतत्त्व : हायड्रोजनची केंद्रके चुंबकीय क्षेत्रात १ टेस्लाला सुमारे ४२.५८ मेगाहर्ट्झ या कंप्रतेने परांचन करतात, म्हणजे भोवऱ्यासारखी डोलत फिरतात. १.५ टेस्लाच्या यंत्रात ही कंप्रता सुमारे ६३.९, तर ३ टेस्लाच्या यंत्रात सुमारे १२७.७ मेगाहर्ट्झ येते. नाशिक आकाशवाणीचे १०१.४ मेगाहर्ट्झ या दोहोंच्या मध्ये पडते. डोक्यातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की बाहेरच्या प्रक्षेपणांपुढे त्याचा टिकाव लागत नाही, म्हणून यंत्राची खोली चहूबाजूंनी बहुधा तांब्याच्या पत्र्याने मढवतात. (तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नाव असलेल्या गावाला तांब्याचा हा उपयोग परका वाटू नये.) दाराची पट्टी झिजली किंवा दार नीट लागले नाही, तर प्रतिमेवर चेनसारखी ठिपक्यांची रेघ उमटते.

हा संकेत नेमका काय आहे, याविषयी मतभेद आहेत आणि त्यांचे मूळ १९४६ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात दोन गटांचे शोध जवळजवळ एकाच वेळी प्रसिद्ध झाले. हार्वर्ड येथे एडवर्ड पर्सेल, हेन्री टॉरी व रॉबर्ट पाउंड यांनी पॅराफिनमधील केंद्रके रेडिओ ऊर्जा शोषतात असे दाखवले. स्टॅनफर्ड येथे फेलिक्स ब्लॉख व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याच्या नमुन्याभोवती परस्परांशी काटकोनात दोन वेटोळी ठेवली. एकाने केंद्रके ढवळली आणि दुसऱ्यात निर्माण झालेला विद्युत दाब मोजला. पर्सेल यांच्या दृष्टीने ते ‘शोषण’ होते, ब्लॉख यांनी त्याला ‘केंद्रकीय प्रवर्तन’ म्हटले. १९५२ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, वाद मात्र शब्दांत शिल्लक राहिला. इझिडोर राबी यांचे रेणुशलाकांवरील १९३८ चे काम त्याआधीचे असले, तरी घन वा द्रव पदार्थाजवळ वेटोळे धरून संकेत घेण्याची रीत १९४६ पासूनची मानणे अधिक योग्य. भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवातील केंद्रकीय अनुस्पंदनावर (केंद्रकांनी ठरावीक कंप्रतेच्या रेडिओ क्षेत्राला दिलेल्या प्रतिसादावर) १९५१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. रक्तप्रवाहाच्या एमआरआयचा पूर्वेतिहास सांगताना त्याचा उल्लेख करतात, करावाही.

‘केंद्रके ऊर्जा शोषतात व मग रेडिओलहरी बाहेर फेकतात’ हे वाक्य पर्सेल यांच्या परंपरेतले असून पाठ्यपुस्तकांत ते अजून आढळते. ते सोयीचे आहे, पण कॉइलची रचना समजून घ्यायला फारसे उपयोगी नाही. ६३.९ मेगाहर्ट्झच्या लहरीची हवेतील लांबी सुमारे ४.७ मीटर होते आणि कॉइल तर डोक्यापासून काही सेंटिमीटरवर असते. इतक्या जवळ ‘लहर येऊन पोचली’ असे म्हणण्यापेक्षा, फिरत्या चुंबकाने शेजारच्या वेटोळ्यात फॅराडे यांच्या नियमानुसार दाब निर्माण केला असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. डी. आय. हौल्ट व आर. ई. रिचर्ड्स यांनी १९७६ मध्ये संकेत व गोंगाट यांच्या गुणोत्तराचा हिशेब याच धर्तीवर मांडला. त्यांचे व्युत्क्रम तत्त्व थोडक्यात असे : वेटोळ्यातून एकक प्रवाह सोडला असता ज्या बिंदूशी त्याचे क्षेत्र जितके तीव्र, त्या बिंदूतून येणारा संकेत ते वेटोळे तितका जोरकस पकडते. लहान वेटोळे जवळचे उत्तम व खोलवरचे अंधूक का टिपते, हे यातून उलगडते. ३ टेस्लाला मात्र मेंदूच्या ऊतकातील लहरीची लांबी ३० सेंमी.च्या आत, म्हणजे डोक्याच्या मापाजवळ येते, आणि प्रतिमा मध्यभागी उजळ व कडेला मंद दिसू लागते. तेथे लहरींचा विचार टाळता येत नाही.

गोंगाटाचा उगम दोन ठिकाणी : वेटोळ्याच्या तांब्यात आणि खुद्द रुग्णाच्या डोक्यात, कारण क्षारयुक्त ऊतके वीज वाहतात. चांगल्या कॉइलमध्ये दुसरा भाग वरचढ असतो. परीक्षा सोपी आहे. कॉइल रिकामी असतानाचा गुणवत्ता-अंक, म्हणजे क्यू फॅक्टर (वेटोळे किती कमी ऊर्जा वाया घालवते त्याचे माप), आणि डोके आत असतानाचा अंक यांची तुलना करतात. डोके आत गेल्यावर अंक जितका खाली येईल तितके बरे, कारण मग तांब्याचा तोटा नगण्य ठरतो.

रचनेचा विकास : १९८५ मध्ये सेसिल हेज व सहकाऱ्यांनी ‘बर्डकेज’ कॉइलचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन टोकांना दोन कडी, त्यांना जोडणारे उभे गज आणि ठरावीक जागी धारित्रे (कपॅसिटर) अशी ही रचना खरोखरच पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखी दिसते. गजांतील प्रवाह परिघाभोवती ज्या-वक्राप्रमाणे (साइन वक्राप्रमाणे) वाटला गेल्याने आतले क्षेत्र जवळजवळ एकसारखे राहते. शिवाय काटकोनातील दोन घटक एकत्र घेतल्यास संकेत-गोंगाट गुणोत्तर सुमारे १.४१ पट वाढते. आजही ३ टेस्लाच्या यंत्रात केंद्रके ढवळण्याचे काम सहसा बोगद्याच्या भिंतीतील अशाच मोठ्या पिंजऱ्याकडे असते. त्या क्षणी हेड कॉइल डायोडांच्या साहाय्याने बेसूर करून, म्हणजे त्या कंप्रतेपासून हटवून ठेवतात. नाहीतर तिच्यात प्रवाह उसळून चटका बसण्याचा धोका असतो.

दुसरे वळण १९९० चे. पी. बी. रोमर व सहकाऱ्यांनी एका मोठ्या वेटोळ्याऐवजी अनेक लहान वेटोळी डोक्याभोवती कौलांसारखी एकमेकांवर थोडी चढवून ठेवण्याची पद्धत मांडली. लहान वेटोळी शेजारी ठेवली की परस्पर प्रवर्तनामुळे एकमेकांची कंप्रता बिघडवतात. वर्तुळाकार वेटोळ्यांच्या केंद्रांतील अंतर व्यासाच्या सुमारे ०.७५ पट ठेवले, तर हे प्रवर्तन शून्यावर येते. लगतची जोडी अशी शांत होते, दूरच्यांचा उपद्रव कमी-रोधाच्या पूर्ववर्धकांनी (प्रीॲम्प्लिफायरांनी) आवरतात. या रचनेला ‘फेज्ड ॲरे’ म्हणतात. हे नाव रडारमधून उसने आणलेले असून येथे तितकेसे बसत नाही, कारण शलाका वळवण्याचा प्रकार इथे नाही. प्रत्येक वेटोळ्याचा संकेत वेगळा नोंदला जातो आणि नंतर संगणकात जुळवला जातो. पण नाव रूढ झाले आहे. २००६ मध्ये ३२ चॅनेलच्या, म्हणजे संकेत वेगवेगळा नोंदणाऱ्या ३२ वेटोळ्यांच्या कॉइलसाठी फुटबॉलवरील षटकोन-पंचकोनांची मांडणी वापरली गेली.

चॅनेलांची संख्या ८ वरून ३२ किंवा ६४ झाली की प्रतिमा त्याच पटीत सुधारते, ही समजूत चुकीची आहे. लाभ प्रामुख्याने बाह्यकात, म्हणजे कवटीलगतच्या थरात होतो. थॅलॅमस किंवा मस्तिष्कस्तंभ यांसारख्या खोल भागांत तो माफक असतो. जास्त वेटोळ्यांचा दुसरा फायदा वेळेचा : १९९९ मधील ‘सेन्स’ आणि २००२ मधील ‘ग्रॅपा’ या पद्धती वेटोळ्यांच्या निरनिराळ्या दृष्टिकोनांचा उपयोग करून अर्धीच माहिती गोळा करतात. वेळ निम्मा झाला की गुणोत्तर सुमारे ७१ टक्क्यांवर येते, आणि वेटोळ्यांची मांडणी सदोष असेल तर आणखी घसरते.

वापर : दर्जाचा प्रश्न खरा निर्माण होतो तो बारीक गोष्टी शोधताना. फिट येणाऱ्या रुग्णात पट्टकृमीची गाठ की क्षयाची, हा भारतात नेहमीचा पेच असून गाठीतील काही मिलिमीटरचे कृमीचे डोके दिसले तर तो सुटतो. इतर सर्व तसेच ठेवून ४ घन मिमी. ऐवजी १ घन मिमी.चा घटक (प्रतिमेचा सर्वांत लहान ठोकळा) घेतला तर संकेत चौथाई होतो. नुसत्या पुनरावृत्तीने तो भरून काढायला १६ पट वेळ लागेल. एवढा वेळ कोणी मान न हलवता पडून राहत नाही.

उत्तम कॉइलही डोके तिच्यात नीट बसले तरच उत्तम. अंबाडा सोडला नाही तर डोके मागच्या वेटोळ्यांपासून वर उचलले जाते आणि पश्चखंडाचा, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाचा संकेत उतरतो. बांधलेल्या केसांतली पिन तर प्रतिमेत मोठे काळे भोक पाडते. पाठीला बाक असलेल्या वृद्धांचे डोके अरुंद ३२ चॅनेल कॉइलमध्ये पोचतच नाही. मग लवचिक कॉइल गुंडाळून काम भागवावे लागते. केबलला वाक पडून एखादा चॅनेल बंद पडला तर एका बाजूला मंद डाग दिसतो, आणि उजळपणा समतोल करणारे सॉफ्टवेअर तो झाकते. तेव्हा डाग जातो, गोंगाट मात्र तिथेच राहतो. द्रव भरलेल्या फँटमची (डोक्याच्या जागी ठेवायच्या नमुन्याची) नियमित चाचणी त्यासाठी करतात.

नाशिकमध्ये १.५ व ३ टेस्ला अशी दोन्ही प्रकारची यंत्रे असून सुरगाणा, पेठ, कळवणकडील रुग्णही शहरातच येतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे (स्थापना १९९८) मुख्यालय येथे आहे आणि क्षकिरणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रतिमादर्शनाचे भौतिकशास्त्र येते. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या अहवालात सिक्वेन्सची, म्हणजे प्रतिमा घेण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची नावे असतात. चॅनेलांची संख्या सहसा नसते.