न व्यालेल्या शेळीचं दूध विषारी नसतं

‘न विता दूध देणारी शेळी म्हणजे इंजेक्शन टोचलेली, तिचं दूध विषारी’ हा मेसेज शहापूर-मुरबाडकडच्या शेळीपालकांपर्यंतही येतो.

शंका साहजिक आहे. एरवी दूध व्यायल्यावरच येतं. पण कास भरते ती संप्रेरकांमुळे, आणि दुधाळ वाणाच्या एखाद्या पाठीत (न व्यालेल्या तरुण शेळीत) ती बोकड न दाखवताही कामाला लागतात. सानेनसारख्या जातींत हे जास्त दिसतं. क्वचित बोकडालाही दूध येतं, आता बोला!

खात्री करायची तर आधी ती गाभण नाही ना ते बघा. कळपात बोकड मोकळा असेल तर ‘ती बोकडाला लागलेलीच नाही’ यावर विसंबू नका. सोनोग्राफीत गर्भ दिसतो. खोटी गाभण असेल, म्हणजे गर्भाशयात नुसतं पाणी, तर तेही कळतं. मग कास चाचपा. मऊ आणि दोन्हीकडे सारखी असेल तर पिळूच नका. पिळलं की दूध वाढतं, आणि सडाचं तोंड उघडं राहिलं की दगडीला (कासेच्या सुजेच्या आजाराला) वाट मिळते. खुराक थोडा कमी केला की बहुतेकदा कास आपोआप उतरते.

एक बाजू गरम, कडक, दुखरी लागली तर काळ्या फडक्यावर दोन धारा काढा. गाठी किंवा रक्त दिसलं तर दूध टाकून द्या, डॉक्टरांना बोलवा.

कास फारच तटतटली आणि काढायचं ठरलंच, तर रोज ठरल्या वेळी, स्वच्छ हातांनी, पूर्ण काढा. निरोगी शेळीचं हे दूध उकळून प्यायला हरकत नाही. पुढे ती गाभण राहिली तर विण्याआधी दोन महिने दूध आटवा.