राडा मिटला, पण गाडीवाल्याची भरपाई?

पेठेत दोन गटांत राडा झाला की दोन दिवसांनी चौकात ऐकू येतं, 'मिटलं सगळं.' कुणाचं मिटलं? कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरच्या सामन्यानंतर एकमेकांवर दगड भिरकावणाऱ्यांचं मिटलं असेल. ज्याच्या वडापावच्या गाडीची काच फुटली आणि कढईतलं तेल पायावर सांडलं, त्याचं काय? भांडणाऱ्यांची तडजोड आणि तिसऱ्याची भरपाई यांची गल्लत चांगली शिकलेली माणसंही करतात.

तडजोड सगळ्यांना ठाऊक आहे. तालमीतली जाणती मंडळी दोन्हीकडच्या पोरांना समोरासमोर बसवतात, फिर्याद आणि उलटफिर्याद मागे घ्यायचं ठरतं. पोलीस चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई करतात, कार्यकारी दंडाधिकारी शांतता राखण्याचा बॉण्ड लिहून घेतात. उद्या परत दगड पडू नयेत म्हणून हे हवंच. मात्र बॉण्ड मोडला तरी ती रक्कम सरकारजमा होते, गाडीवाल्याला त्यातलं काही मिळत नाही.

खरी मेख पुढे आहे. गुन्हा मिटवायचा हक्क कुणाचा? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 359 बघा, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 320. साध्या दुखापतीचा गुन्हा ज्याला मार लागला त्यानेच मिटवायचा. खासगी मालमत्तेच्या नुकसानीचा, ज्याचं नुकसान झालं त्यानेच. दोन्ही गटांनी एकमेकांना माफ केलं तर तेवढंच माफ झालं. गाडीवाल्याच्या वतीने माफी द्यायचा अधिकार मंडळाच्या अध्यक्षाला नाही, नगरसेवकाला नाही, ठाणे अंमलदारालाही नाही. दंगलीचा गुन्हा तर त्या यादीतच नाही. तो तडजोडीवर रद्द करून घ्यायचा तर उच्च न्यायालयात जावं लागतं, ऑगस्ट 2025 पासून इथल्याच सर्किट बेंचपुढे.

म्हणूनच 'माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही' या कागदाची मला चीड आहे. बैठकीत गाडीवाल्याला बोलावतात, दोन्हीकडून वर्गणी काढून चार नोटा हातात ठेवतात आणि सही घेतात. पैसे जरूर घ्यावेत. पण किती मिळाले, कशापोटी मिळाले आणि किती येणं बाकी आहे, हे लिहिल्याशिवाय सही करू नये. कोर्टात गुन्हा मिटला की त्याचा परिणाम आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच होतो. मग शिक्षा सुनावताना याच संहितेच्या कलम 395 खाली आरोपीकडून भरपाई देववण्याची वाटही बंद होते. एवढं मोलाचं हत्यार माणूस गर्दीच्या दडपणाखाली देऊन बसतो.

दुसरी गोष्ट. क्रॉस केसेस, म्हणजे एकमेकांविरुद्ध फिर्यादी झाल्या की तिऱ्हाइताचा जबाब दोन्हीकडे साक्षीदार म्हणून पडून राहतो आणि त्याचं नुकसान कागदावर येतच नाही. त्याने स्वतःची फिर्याद द्यावी, गाडीचा पंचनामा करून घ्यावा, सीपीआर या सरकारी रुग्णालयातले उपचाराचे कागद जपावेत.

'आधी आरोपी सापडू दे' म्हणून थांबणं तर साफ चूक. कलम 396 नुसार आरोपीचा छडा लागला नाही आणि खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडिताला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची असते. हे पैसे राज्याच्या निधीतून येतात, त्यामुळे दोन गटांचं पटलं की फाटलं याच्याशी त्यांचा संबंध नाही. ही योजना मुख्यतः मृत्यू आणि शारीरिक इजेसाठी आहे. भाजलेल्या पायासाठी इथे अर्ज करावा, फुटलेल्या गाडीसाठी दिवाणी दावा आहे.

मोठ्या दंगलीत आणखी एक वाट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 51 खाली दंगलीचा भाग अधिसूचनेने जाहीर झाला की जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपले कलेक्टर, भरपाई ठरवू शकतात आणि ते त्या भागातल्या रहिवाशांकडून वसूल होतं. तिथे मागणी करणाऱ्याचा त्या प्रकारात स्वतःचा काही दोष नसावा लागतो. दगड मारणाऱ्याला, त्याचं डोकं फुटलं तरी, तिथून काही मिळत नाही. गाडीवाल्याला मिळू शकतं.