बुकिंगचा आकडा म्हणजे कमाई नव्हे

2027 च्या सिंहस्थामुळे नाशकात जुना समज पुन्हा फिरतोय: 'ऑनलाइन प्रवास कंपनीचं बाजारमूल्य वार्षिक बुकिंगच्या एकूण रकमेपेक्षा कमी, म्हणजे शेअर स्वस्त.' साफ चूक. बुकिंगची बहुतेक रक्कम कंपनीची नसतेच. पंचवटीतली 5,000 रुपयांची खोली घ्या. कमिशन 15 टक्के धरलं तर हाती 750. त्यातून सवलत 200, जाहिरात 300, पेमेंट गेटवे 100. उरले 150, तेही पगार आणि कर भरायच्या आधी. विमान तिकिटावर तर कमिशन याहून बरंच कमी.

म्हणून शेअरचं खरं मूल्य काढायला सगळं भागवून उरणाऱ्या रोकडीचा दहा वर्षांचा आणि त्यापुढचा अंदाज बांधा, समजा 12 टक्के दराने आजच्या मूल्यात आणा, कारण उद्या मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो. त्यात कंपनीकडची शिल्लक रोकड जमा धरताना ग्राहकांचे आगाऊ पैसे वगळा, ते हॉटेलवाल्यांचं देणं आहे. गणित हमखास फुगतं ते इथेच. कर्ज वजा करा, मग ईसॉप (कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर घेण्याचे हक्क) धरून एकूण शेअर्सनी भागा. येईल ते एका शेअरचं मूल्य, ते बाजारभावाशी ताडून पाहा.