कृष्णाकाठची जबाबदार मासेमारी

सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णा, कोयना, वारणा, येरळा या नद्यांत आणि धोम, कण्हेर यांसारख्या जलाशयांत माशांचे बी राखून मासे धरण्याची रीत. भोई व कोळी समाजांचा हा परंपरागत व्यवसाय. हौसेने गळ टाकणारेही पुष्कळ.

खरी कसोटी मृगाच्या पावसात लागते. ओढ्यांना गढूळ पाणी आले की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर सरकतात; हेच चढणीचे मासे. उथळ पाण्यात ते हातानेही सापडतात आणि गाभोळीमुळे (पोटातल्या अंड्यांमुळे) त्यांना मागणीही असते. ओढ्याच्या तोंडाशी आडवे जाळे लावून सगळी चढण अडवली, तर त्या ओढ्याचे बीच बुडते. समुद्रातील यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, त्यावर देखरेखही असते. गावओढ्यावर पहारा कोणाचा? तेथे जाळे घरी ठेवणे माणसाच्या शहाणपणावरच आहे. खडशीची (महसीरची) वर जाण्याची वाट तर धरणांनी आधीच अडवली आहे. ती गळाला लागली तर हात ओले करून सोडावी. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही दगावतो.

उन्हाळ्यात येरळा आटते, तेव्हा उरलेले डोह हीच माशांची बियाण्याची कणगी. जिलेटिनचा बार किंवा ब्लीचिंग पावडर अशा डोहात बोटभर पिल्लेही शिल्लक ठेवत नाही, आणि ते पाणी गुरेही पितात. स्फोटके व विष वापरून मासे मारणे 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. बारीक आसाचे (छिद्रांचे) जाळेही टाळावे.

तुटलेला तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) घरी परत न्यावा. भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत, कासवेही आहेत. सोडून दिलेल्या जाळ्यात ती अडकतात. चिलापी व आफ्रिकन मांगूर हे बाहेरून आलेले मासे मात्र पुन्हा पाण्यात सोडू नयेत, स्थानिक माशांवर ते भारी पडतात.

साखर कारखान्यांची मळी नदीत आली की पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे तडफडत वर येतात. हे सर्वांत आधी दिसते ते मासे धरणाऱ्यालाच. असे मासे गोळा करून बाजारात नेऊ नयेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच कळवावे.

शिकार : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी असून फासे लावणे आणि अंडी वा घरटी मोडणे हेही शिकारीतच मोडते. रानडुकरासाठी उसाच्या बांधावर लावलेल्या क्लच वायरच्या फाशात बिबट्याही अडकतो. पिकाचे नुकसान झाल्यास वन विभागाकडे अर्ज करून पंचनाम्यानंतर भरपाई मिळते.