शीर्षासनाने पांढरे केस काळे होतात का?

‘रोज पाच मिनिटं शीर्षासन करा, डोक्याला जास्त रक्त मिळून पांढरे केस काळे होतात’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

उलटं झाल्यावर चेहरा लालबुंद होतो, त्यामुळे ते पटणं साहजिक आहे. पण हात दोन मिनिटं खाली सोडून बघा: पंजावरच्या शिरा फुगतात. वर उचलला की सपाट. शीर्षासनात चेहऱ्याचंही तसंच: हृदयाकडे परतीच्या वाटेवरचं रक्त तुंबतं, इतकंच. मेंदू तर आपल्या धमन्या आकसून-सैलावून रक्तपुरवठा साधारण सारखाच राखतो.

केस पिकतात ते मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी संपत गेल्याने, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. डाय लावणाऱ्यांना पडताळणी सोपी: केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. दोन महिने शीर्षासन करून भांगाची रेघ बघा, पांढरीच दिसेल.

तोल सुधारतो, खांदे बळकट होतात, हे खरं. मात्र डोळ्यांतला दाब तेवढ्यापुरता जवळपास दुप्पट होतो (हे मेसेजात कधीच नसतं). काचबिंदू, बीपी किंवा मानेचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.